तार गावापर्यंत, वापर कोणापर्यंत?

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. विदेश संचार निगमाची ही सेवा प्रारंभी महानगरांपुरती मर्यादित होती. दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमची खरखर ऐकत, अतिशय संथ गतीने ती मिळत असे. त्या काळात घरी इंटरनेट नसल्याने कोणाचे फारसे अडत नव्हते. दाखला तहसील कचेरीत मिळे, पिकाची नोंद तलाठी करी आणि परीक्षेचा अर्ज शाळेत भरता येई. आज शिष्यवृत्तीपासून पीकविम्यापर्यंत बहुतेक कामांचा पहिला अर्ज संगणकावर किंवा मोबाइलवर भरावा लागतो. परिणामी, ज्याच्यापर्यंत इंटरनेट पोहोचलेले नाही, त्याला नवी सोय तर मिळत नाहीच. पण जुनीही हातची जाते. ‘डिजिटल दरी’ या शब्दप्रयोगाचा आजचा अर्थ हा आहे. ही दरी बुजविण्यासाठी देशात गेल्या अडीच दशकांत झालेले प्रयत्न पाहिले, तर एक गोष्ट वारंवार दिसते. तार टाकणे हे काम मोठे आणि खर्चिक आहे. परंतु दरी बुजते की नाही, हे तारेच्या टोकापुढच्या थोड्या अंतरात ठरते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के, तर ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के होते. संगणक असलेली ग्रामीण कुटुंबे शंभरात पाचही नव्हती. त्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर दूरसंचार कंपन्यांत दरयुद्ध पेटले होते. २०१४ मध्ये एका गिगाबाइटसाठी दोनशेहून अधिक रुपये मोजावे लागत. काही वर्षांतच हा दर दहा-बारा रुपयांच्या घरात आला. स्वस्त स्मार्टफोन त्याच सुमारास बाजारात आले. २०२५ च्या प्रारंभी झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ८६.३ टक्के कुटुंबांनी घरात इंटरनेट असल्याचे सांगितले. दोन्ही पाहण्यांची पद्धत तंतोतंत एक नसली, तरी सात-आठ वर्षांतील ही वाढ डोळ्यांत भरणारी आहे.

मात्र हे आकडे कुटुंबाचे आहेत. घरात एक स्मार्टफोन असला की ते कुटुंब ‘जोडलेले’ ठरते. तो फोन कोणाच्या खिशात असतो, हे त्यातून कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांत हे प्रमाण ३३ टक्के होते. महाराष्ट्रासारख्या प्रगत म्हणविणाऱ्या राज्यातही ६१.५ टक्के पुरुषांच्या तुलनेत ३८ टक्के स्त्रियाच इंटरनेटपर्यंत पोहोचल्या होत्या. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के होते आणि मुली २७ टक्के. दरी आता गाव आणि शहर यांच्यामध्ये पूर्वीइतकी रुंद नाही. पण तिचा एक फाटा घराच्या उंबरठ्याच्या आत शिरला आहे.

वारणेचा धडा

या विषयातील देशातील आरंभीच्या मोठ्या प्रयोगांपैकी एक महाराष्ट्रात झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी चळवळीमुळे वारणानगरचा परिसर आधीच नावारूपाला आला होता. १९९८ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी नेमलेल्या कृती दलाच्या पुढाकाराने तेथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उघडून ती साखर कारखान्याशी जोडण्याची ही योजना होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेची शिक्षणसंस्था यांनी खर्चाचा भार उचलला. शेतकऱ्याला गावातच मराठीतून पिकांची माहिती, बाजारभाव, जमिनीचे उतारे आणि रोजगाराच्या संधी मिळाव्यात, अशी अपेक्षा होती.

काही वर्षांनी अभ्यासकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर तपासला, तेव्हा निराळे चित्र दिसले. शेतकरी केंद्रावर येत. पण बहुधा उसासाठी. लागवडीची नोंद, तोडणीचा आदेश, गेलेल्या उसाचे वजन, खताचा हिशेब आणि बिलाची रक्कम यांपलीकडे संगणकाचा फारसा उपयोग होत नव्हता. संगणक जुने झाले होते, त्यांच्या देखभालीचा खर्च वाढत होता आणि केंद्र बंद असले की शेतकऱ्याला हात हलवीत परत जावे लागे. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन केंद्राने सात गावांत एक साधा पर्याय सुमारे आठ महिने वापरून पाहिला. हीच माहिती मोबाइलवरील लघुसंदेशाने मागविता येईल, अशी सोय करण्यात आली. उसाचे वजन किती भरले, हे शेतकऱ्याला बांधावरून कोणत्याही वेळी विचारता येऊ लागले. खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांनाही हा मार्ग पसंत पडला.

वारणेचा प्रकल्प फसला, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. ज्या कामात शेतकऱ्याचा पैसा गुंतला होता, त्यासाठी त्याने संगणक केंद्राचा उपयोग पुरेपूर केला. जे त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी ठरविले होते, त्याकडे त्याने पाठ फिरवली. शिवाय महागडे यंत्र गावात नेण्यापेक्षा हातातले साधन उपयोगी पाडणे अधिक टिकाऊ ठरते, हे स्मार्टफोनचा जमाना येण्यापूर्वीच वारणेने दाखवून दिले.

मध्य प्रदेशातील दोन वाटा

सन २००० मध्ये मध्य प्रदेशात दोन प्रयोग सुरू झाले. धार जिल्ह्यात जानेवारीत सुरू झालेल्या ‘ज्ञानदूत’ प्रकल्पात गावोगावी ‘सूचनालये’ उघडली गेली. स्थानिक तरुण ती चालवीत आणि ठराविक शुल्क घेऊन बाजारभाव, दाखले, उतारे व तक्रारनोंदणी या सेवा देत. त्याच वर्षी या प्रकल्पाला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परंतु वीज आणि दूरध्वनीची जोडणी बेभरवशाची होती. अर्ज संगणकावरून गेला, तरी पुढचे काम कचेरीच्या जुन्या चालीनेच होई. पुढाकार घेणारे अधिकारी बदलून गेल्यावर उत्साह ओसरला आणि वापर रोडावला.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये आयटीसी कंपनीने सोयाबीन उत्पादकांसाठी ‘ई-चौपाल’ सुरू केले. येथे संगणक गावातील एका शेतकऱ्याच्या घरी ठेवण्यात आला. त्याला ‘संचालक’ म्हणत. वीज आणि तार यांवर विसंबून न राहता सौरपट्ट्या आणि उपग्रह जोडणी वापरली गेली. भाव घरबसल्या कळल्याने माल मंडईत न्यावा की कंपनीच्या केंद्रावर, हे शेतकऱ्याला ठरविता येऊ लागले. कंपनीला थेट खरेदीत फायदा होता आणि त्यातूनच जाळ्याचा खर्च निघत असे. हा धर्मादाय उपक्रम नव्हता, म्हणूनच तो अनेक राज्यांत पसरला. एका प्रयोगात जाळ्याची काळजी घेण्यात कोणाचा तरी रोजचा स्वार्थ होता; दुसऱ्यात ती काळजी एका अधिकाऱ्याच्या उमेदीवर अवलंबून राहिली. फरक पडला तो येथे.

कालवा आणि टोक

खेड्यांतील दूरसंचार सेवेसाठी पैसा नव्हता, असे म्हणता येत नाही. १ एप्रिल २००२ पासून ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’ अस्तित्वात आला. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातील वाटा त्यात जमा होतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. या निधीच्या बळावर ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मान्यता दिली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याचा हा संकल्प होता. अंदाजे खर्च २० हजार कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षे धरण्यात आली होती. प्रत्यक्षात पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा गाठण्यास २०१७ चा डिसेंबर उजाडला. दरम्यान योजनेचे नाव ‘भारतनेट’ झाले होते. २०२५ पर्यंत दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती ‘सेवासज्ज’ झाल्याची नोंद आहे.

‘सेवासज्ज’ हा शब्द मात्र तपासून घ्यावा लागतो. तार पंचायतीच्या कार्यालयात आली, यंत्र बसले आणि दिवा लागला की गाव सज्ज ठरते. पुढे शाळा, आरोग्य केंद्र आणि घरे यांच्यापर्यंत जोडणी कोणी न्यायची, तिचे पैसे कोणी भरायचे आणि यंत्र बंद पडले तर दुरुस्तीस कोण येणार, हे प्रश्न बराच काळ अनुत्तरित राहिले. तारेच्या आखणीतही एक मूलभूत दोष होता. तालुक्यापासून निघालेली तार एका गावातून पुढच्या गावात, अशी सरळ रेषेत नेण्यात आली. महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना कालव्यावरून चटकन उमजेल. वरच्या अंगाला पाट फुटला की टोकाच्या शेतकऱ्याचे शिवार कोरडे पडते. तसेच रस्त्याच्या रुंदीकरणात किंवा नळयोजनेच्या खोदाईत एके ठिकाणी तार तुटली, की तिच्यापुढची सर्व गावे अंधारात जात.

हा दोष पुढे मान्य करण्यात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी आहे. म्हणजे एका बाजूने तार तुटली तर दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच समाविष्ट करण्यात आली आणि ग्रामीण घरांपर्यंत दीड कोटी जोडण्या देण्यासाठी स्थानिक उद्योजकांना सहभागी करून घेण्याचे ठरले. पहिल्या योजनेत ज्याला दुय्यम मानले गेले, ते देखभालीचे आणि शेवटच्या टोकाचे काम आता मुख्य ठरले. हे शहाणपण यायला एक तप गेले.

एकच दार उरते तेव्हा

जाळे पूर्ण होण्याची वाट न पाहता सेवा मात्र भराभर इंटरनेटवर गेल्या. याचे सर्वांत ठळक उदाहरण २०२१ मधील लसीकरण. १८ ते ४४ वयोगटासाठी ‘को-विन’ या संकेतस्थळावर आधी नोंदणी करणे सक्तीचे होते. वेळा खुल्या होताच काही क्षणांत त्या संपत. मुंबई-पुण्याच्या आसपासच्या ग्रामीण केंद्रांवरील वेळा शहरातील तरुणांनी आरक्षित केल्याच्या आणि गावातील माणसे रांगेबाहेर राहिल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या. लस गावात आली होती. पण तिच्यापर्यंतचा रस्ता मोबाइलमधून जात होता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या दरीकडे लक्ष वेधले आणि केवळ डिजिटल नोंदणीवर विसंबणाऱ्या धोरणाबद्दल केंद्राला प्रश्न विचारले. जूनमध्ये थेट केंद्रावर येऊन लस घेण्याची मुभा सर्व प्रौढांना मिळाली.

महाराष्ट्रातील ई-पीक पाहणी हे दुसरे उदाहरण. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावी, अशी व्यवस्था आली. कल्पना उत्तम होती. तलाठ्याने चावडीत बसून केलेल्या नोंदींपेक्षा ही नोंद अधिक खरी ठरू शकते आणि आपल्या सातबाऱ्यावर काय लिहिले जाते, हे शेतकऱ्याच्या हातात येते. परंतु डोंगराळ भागात मोबाइलला रेंज नसते, साधा फोन वापरणाऱ्याकडे हे ॲप चालत नाही आणि वृद्ध शेतकऱ्याला नातवाची वाट पाहावी लागते. नोंद राहिली तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाची खरेदी या सर्वच ठिकाणी अडचण उभी राहते. पुढे नोंदणीसाठी गावपातळीवर सहायकांची मदत घेण्यात आली, यातच सारे आले.

न्यायालयांनीही हळूहळू ही बाजू अधोरेखित केली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आम्लहल्ल्यातून बचावलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यापुढे पापणी लववा, अशी अट घालणारी यंत्रणा ज्यांना ते शक्यच नाही त्यांना दाराबाहेर ठेवते, हा त्या प्रकरणाचा गाभा होता.

मधला माणूस

घरोघरी दूरध्वनी येण्यापूर्वी, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओ केंद्रांनी देशातील लाखो माणसांना दूरध्वनीशी जोडले. फोन कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न तेथे गौण होता; नाक्यावर तो मिळत होता आणि नंबर लावून देणारा माणूस तेथे बसलेला होता. सप्टेंबर २००६ मध्ये मंजूर झालेल्या सामायिक सेवा केंद्रांच्या योजनेत हेच सूत्र होते. महाराष्ट्रातील महा ई-सेवा केंद्रे आणि ‘आपले सरकार’ केंद्रे त्याच धर्तीवरची. डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळालेली ‘पीएम-वाणी’ योजना तर पीसीओचाच नवा अवतार म्हणता येईल. किराणा दुकानदाराने किंवा चहावाल्याने परवान्याविना वाय-फाय विकावे, असा तिचा हेतू. मात्र जोडणी घेण्यासाठी छोट्या दुकानदाराला मोठा दर मोजावा लागे. त्यामुळे अपेक्षित कोट्यवधींऐवजी काही लाखांच्या घरातच तिची मजल गेली. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने या दरावर मर्यादा घातली.

सार्वजनिक जोडणीचा उपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण २०१८ मध्ये केरळमध्ये दिसले. एर्नाकुलम रेल्वे स्थानकावरील एका हमालाने स्थानकाच्या मोफत वाय-फायवर पाठ ऐकत राज्य लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली. डोक्यावर ओझे आणि कानात धडा, असा त्याचा अभ्यास चाले.

साधन हाती आले, तरी ते वापरायला शिकविणारे कोणी लागते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यातील लाखो जणांना संगणकाची ओळख करून दिली. पण तिचा लाभ मुख्यतः शिकलेल्यांना झाला. २०१५ मध्ये गूगल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी सुरू केलेल्या ‘इंटरनेट साथी’ उपक्रमात गावातील स्त्रीच इतर स्त्रियांकडे टॅब घेऊन जात असे, अनेक ठिकाणी सायकलवरून. अशा हजारो साथींनी कोट्यवधी स्त्रियांपर्यंत इंटरनेट नेले. शिकविणारी स्त्री ओळखीची आहे, ती घरी येते आणि आपल्याच बोलीत बोलते, हे या यशाचे कारण होते. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज मोबाइलवरून भरायचे ठरले, तेव्हाही शेवटी अंगणवाडी सेविकांनाच स्त्रियांच्या मदतीला धावावे लागले. प्रत्येक यशस्वी नोंदणीमागे त्यांना ५० रुपये देण्याचे सरकारने जाहीर केले होते. यंत्रणेने जो दुवा गृहीत धरला नव्हता, तोच कामास आला.

भाषेचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. एके काळी प्रत्येक मराठी संकेतस्थळासाठी वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे. युनिकोडमुळे ती अडचण संपली. आज फोनवर बोलून मराठी लिहिता येते. तरीही सरकारी अर्जांतील मराठी अनेकदा इंग्रजीहून कठीण असते आणि अर्जात चूक झाल्यास येणारा संदेश तर बहुधा इंग्रजीतच असतो. अर्धवट भरलेला अर्ज सेवा केंद्रात पैसे देऊन पुरा करून घ्यावा लागतो आणि ‘मोफत’ सेवेची किंमत गरिबाच्या खिशातून जाते.

मोजमाप कोठे करावे?

धरणाचे यश जलाशयातील साठ्यावर मोजायचे की टोकाच्या शेतात पोहोचलेल्या पाण्यावर, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. इंटरनेटच्या बाबतीत आजवर साठा मोजला गेला. किती किलोमीटर तार टाकली, किती पंचायती जोडल्या, किती सिमकार्डे विकली, हेच आकडे पुढे आले. यापुढे टोकाला मोजणी व्हायला हवी. गेल्या महिन्यात पंचायतीची जोडणी किती दिवस चालू होती? आरोग्य केंद्र आणि शाळेतील यंत्र सुरू आहे काय? गावातील किती स्त्रियांनी कोणाची मदत न घेता एखादा अर्ज भरला? हे प्रश्न विचारणे अवघड नाही. त्यांची उत्तरे मात्र गैरसोयीची असू शकतात.

राज्यात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता मिळालेली हजारो वाचनालये आहेत. तेथे बसायला जागा आहे, वर्तमानपत्रामुळे लोकांचा राबता आहे आणि ग्रंथपाल ओळखीचा आहे. पंचायतीच्या कुलूपबंद खोलीतील तार अशा वाचनालयापर्यंत नेणे हे फार मोठ्या खर्चाचे काम नाही. देखभालीसाठी गावातील तरुणाला प्रशिक्षण आणि नियमित मोबदला देणे, शिकविण्याचे काम बचतगटातील स्त्रियांकडे सोपविणे आणि सरकारी अर्ज बोलीभाषेच्या जवळ आणणे, ही कामेही आवाक्यातली आहेत.

आणि हे सारे पूर्ण होईपर्यंत जुने दार बंद न करणे, ही सर्वांत स्वस्त उपाययोजना आहे. कागदी अर्ज स्वीकारणारी एक खिडकी, नोंद करून देणारा एक कर्मचारी आणि रांगेत उभे राहून लस मिळण्याची मुभा यांचा खर्च नव्या संकेतस्थळाच्या तुलनेत नगण्य असतो. शहरातील माणसाला तासाभराची रांग वाचते, म्हणून इंटरनेट हवेसे वाटते. ज्याच्या गावाला अजून रेंज नाही, त्याला मात्र रांगही नाकारली गेली, तर त्याच्या हाती काहीच उरत नाही.